नकाशावरचे ‘जर-तर’

इतिहासाच्या तासाला कोणीतरी हमखास विचारतो, “सर, पानिपतावर मराठे जिंकले असते तर?” पेंगुळलेला वर्ग एकदम जागा होतो. आपले लक्ष मात्र घड्याळाकडे असते. इतिहासात जर-तरला स्थान नसते, असे आपण सांगून टाकतो. फारच आग्रह झाला तर आत्याबाईच्या मिशांची म्हण ऐकवतो आणि पुढच्या सनावळीकडे वळतो.

आम्हा विज्ञानाच्या अभ्यासकांना हे उत्तर पचायला जरा जड जाते, कारण आमचा सारा व्यवहारच जर-तरवर चालतो. तापमान तेच ठेवून दाब वाढवला तर? खत तेवढेच देऊन पाणी कमी केले तर? एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होते ते पाहायचे, यालाच आपण प्रयोग म्हणतो. खरे तर कोणत्याही ‘कारणा’त एक जर-तर दडलेला असतो. ‘पावसाअभावी पीक गेले’ या वाक्याचा अर्थच असा की, पाऊस झाला असता तर पीक वाचले असते. इतिहासकार ‘अमुक कारणामुळे तमुक घडले’ असे लिहितो तेव्हा तोही नकळत हेच म्हणत असतो. अडचण एवढीच की इतिहासाचा प्रयोग दुसऱ्यांदा मांडता येत नाही.

तरीही इतिहासाचा एक कोपरा असा आहे, की तिथले काही जर-तर कागद-पेन्सिल घेऊन अगदी एककापर्यंत मोजता येतात. हा कोपरा म्हणजे अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. राज्यांचा नकाशा घ्यावा, एखाद्या राज्याचा रंग बदलावा, बेरीज पुन्हा करावी. कधी कधी अध्यक्षच बदलतो! हा खेळ मनोरंजक आहेच, पण नीट खेळला तर कोणता ‘जर’ विचारण्याजोगा आणि कोणता नाही, हेही त्यातून शिकता येते. आज आपण तेच पाहू.

खेळाचे नियम

अमेरिकेचा नागरिक मत देतो तेव्हा तो थेट अध्यक्षाला निवडत नाही, आपल्या राज्यातल्या ‘निर्वाचकां’ना निवडतो. राज्याचे प्रतिनिधीगृहात जितके सदस्य, त्यात सिनेटमधले दोन मिळवले की त्या राज्याच्या निर्वाचकांची संख्या मिळते. प्रतिनिधीगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि १९६१ च्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला मिळालेले ३, असे एकूण ५३८. जिंकायला २७० हवेत. कोणालाच बहुमत नसेल तर प्रतिनिधीगृह निवड करते आणि तिथे लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत असते. आपल्या राष्ट्रपतींनाही निर्वाचक मंडळच निवडते. पण आपल्याकडे त्यात आधीच निवडून आलेले खासदार आणि आमदार असतात. अमेरिकेतले निर्वाचक केवळ या एका कामासाठी निवडले जातात.

आता कळीचा मुद्दा. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात ज्याला सर्वाधिक मते, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. पन्नास लाख मतांपैकी फरक एका मताचा असला तरी अख्खे राज्य एकाच रंगात रंगते. ही रचना उतारासारखी नाही, पायरीसारखी आहे. उतारावर इंचभर सरकले तर उंची किंचितच बदलते. पायरीच्या कडेला इंचभर सरकले की माणूस एकदम खाली येतो. अमेरिकी निवडणुकीतले ‘जर-तर’ इतके नाट्यमय का होतात, त्याचे उत्तर या पायरीत आहे.

नकाशाबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली रंगांची. रिपब्लिकन म्हणजे लाल आणि डेमोक्रॅटिक म्हणजे निळा ही आजची खूण २००० च्या निवडणुकीनंतर पक्की झाली. १८८३ च्या स्क्रिब्नरच्या सांख्यिकी नकाशासंग्रहात रंग नेमके उलटे होते. १९७६ मध्ये एनबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने उभारलेल्या दिव्यांच्या नकाशावरही डेमोक्रॅटिक उमेदवार कार्टर यांची राज्ये लाल होती. दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. नकाशावर वायोमिंग हे राज्य न्यू जर्सीच्या दहापटीहून मोठे दिसते. पण त्याचे निर्वाचक ३ आणि न्यू जर्सीचे १४. तेव्हा डोळ्यांवर विश्वास न ठेवता आकडे मोजावेत.

पहिला जर: थोडी मते इकडची तिकडे झाली असती तर?

१९१६ ची निवडणूक घ्या. वुड्रो विल्सन यांना २७७ निर्वाचक-मते मिळाली, चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना २५४. पण कॅलिफोर्नियाची १३ मते विल्सन यांना मिळाली ती तिथल्या जवळपास दहा लाख मतदानात चार हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने. ते एक राज्य ह्यूजना देऊन पाहा. ह्यूज २६७, विल्सन २६४. तेव्हा बहुमताला २६६ पुरत होती, म्हणजे ह्यूज अध्यक्ष!

याला जोडून एक किस्सा नेहमी सांगितला जातो. प्रचारदौऱ्यात ह्यूज कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे एका हॉटेलात होते. राज्याचे लोकप्रिय गव्हर्नर हायरम जॉन्सन त्याच वेळी त्याच हॉटेलात होते, पण दोघांची भेट झाली नाही. जॉन्सन दुखावले आणि कॅलिफोर्निया हातची गेली, असा निष्कर्ष काढला जातो. गोष्ट चटकदार आहे, पण इथे थोडे सावध राहिले पाहिजे. फरक चार हजारांचा असेल तर चार हजार मते हलवू शकणारी कोणतीही गोष्ट ‘कारण’ ठरू शकते. शेवटच्या काडीने उंटाची पाठ मोडली हे खरे. पण पाठीवरच्या बाकीच्या ओझ्याचे काय?

१९६० मध्ये जॉन केनेडी यांना ३०३, रिचर्ड निक्सन यांना २१९ आणि हॅरी बर्ड यांना १५ निर्वाचक-मते मिळाली. आकडे पाहता केनेडींचा विजय भक्कम वाटतो. पण इलिनॉयची २७ मते ८,८५८ च्या फरकाने आणि टेक्सासची २४ मते सुमारे ४६ हजारांच्या फरकाने त्यांच्याकडे आली होती. दोन्ही राज्ये फिरवली तर निक्सन २७०, केनेडी २५२. त्या वर्षी बहुमताला २६९ पुरेशी होती.

२०२० मध्ये जो बायडेन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा देशभरात सुमारे ७० लाख मते जास्त मिळाली. निर्वाचक-मते ३०६ विरुद्ध २३२. आता तीन राज्यांतले फरक पाहा: ॲरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९, विस्कॉन्सिन २०,६८२. या तीन राज्यांची ११, १६ आणि १० मिळून ३७ मते फिरली असती तर निकाल २६९ विरुद्ध २६९, बरोबर बरोबरी! त्यासाठी या तीन राज्यांत मिळून साडेएकवीस हजारांच्या आसपास मतदारांनी मत बदलले असते तरी पुरे होते. मतदान झाले होते १५ कोटींहून अधिक.

अशा हिशेबातून आपल्याला निकालाची स्थिरता कळते. दोलक थोडा ढकलला तर परत जागेवर येतो आणि टोकावर उभी केलेली पेन्सिल कलंडते, तसाच हा फरक. पण या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे राज्ये स्वतंत्र नसतात. महागाई, युद्ध, उमेदवाराची चूक यांचा वारा सगळीकडे एकदमच वाहतो. २०१६ मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हानिया ही तिन्ही राज्ये मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेली आणि तीही एकत्रच. तीन नाणी वेगवेगळी उडवावीत तसे हे नव्हते. म्हणून एकच राज्य चिमटीत उचलून फिरवणे हे बेरजेसाठी ठीक, प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते.

दुसरी मर्यादा अशी की बेरीज मतमोजणीपाशी संपते. ह्यूज अध्यक्ष झाले असते इथवर गणित सांगते. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली ती ह्यूज असते तर उतरली असती का, हे कोणतीही बेरीज सांगू शकत नाही.

क्वचित नशिबाने इतिहासच आपल्याला तुलनेचा गट पुरवतो. २००० मध्ये फ्लोरिडा राज्य आणि त्याबरोबर अध्यक्षपद धाकट्या जॉर्ज बुश यांना अवघ्या ५३७ मतांनी मिळाले. तिथल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर नावे दोन्ही पानांवर आणि छिद्रे मधोमध अशी गोंधळाची मांडणी होती. पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराला तिथे ३,४०७ मते पडली. ती चुकून पडली का? टपालाने मत देणाऱ्यांची मतपत्रिका वेगळी, सरळ मांडणीची होती. काउंटी तीच, उमेदवार तेच, फक्त मतपत्रिका निराळी! २००१ मध्ये राज्यशास्त्रज्ञांनी दोन्ही गट ताडून पाहिले. मतदानाच्या दिवशीच्या मतांत ब्युकॅनन यांचे प्रमाण टपाली मतांच्या सुमारे चौपट होते; राज्यातल्या इतर काउंटींत असे दिसत नव्हते. किमान दोन हजार डेमोक्रॅटिक मतदारांची मते अशी चुकून गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ५३७ शेजारी हा आकडा ठेवला की ‘मतपत्रिका सरळ असती तर’ हा प्रश्न आत्याबाईच्या मिशांचा राहत नाही.

दुसरा जर: मोजण्याचा नियम वेगळा असता तर?

आता मते तीच ठेवू आणि नियम बदलू. २००० सालच्याच मतांना चार नियम लावून पाहा.

प्रत्यक्ष नियमाने बुश यांना ३० राज्ये आणि २७१ निर्वाचक-मते मिळाली. अल गोर यांच्या वाट्याला २० राज्ये आणि राजधानी मिळून २६७ आली. (त्यातल्या एका निर्वाचकाने मत कोरे ठेवले, म्हणून नोंद २६६ ची आहे.) दुसरा नियम असा की, प्रत्येक राज्याला सिनेटमुळे मिळणारी दोन-दोन मते काढून टाकायची. बुश यांची ६० जातात, उरतात २११. गोर यांची राजधानीसकट ४२ जातात, उरतात २२५. गोर विजयी! तिसरा नियम मेन आणि नेब्रास्काचा, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघागणिक एक मत आणि राज्यात पुढे असणाऱ्याला वरची दोन. आता बुश २८८, गोर २५०. चौथा नियम सर्वांत साधा, देशभरातली सगळी मते एकत्र मोजायची. गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे.

मते तीच, माणसे तीच, आणि चार नियमांत निकाल दोनदा इकडे, दोनदा तिकडे. ‘जनतेचा कौल’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते यातून ध्यानात येते. कौल हा मतांइतकाच मोजण्याच्या रीतीतूनही तयार होतो. मतदारसंघांचा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. पण २०१२ मध्ये तो देशभर असता तर मिट रॉम्नी २७४ विरुद्ध २६४ असे जिंकले असते. प्रत्यक्षात बराक ओबामा ३३२ विरुद्ध २०६ असे जिंकले होते आणि एकूण मतांतही ते सुमारे ५० लाखांनी पुढे होते.

मात्र इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. क्रिकेटचा सामना संपल्यावर ‘चला, आता धावांऐवजी चौकार मोजू’ असे म्हटले तर ते बरोबर होईल का? नियम आधी ठाऊक असता तर फलंदाज वेगळेच खेळले असते. निवडणुकीतही तसेच. सगळी मते एकत्र मोजायची असती तर कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू यॉर्क अशा निकाल ठरल्यासारख्या राज्यांत उमेदवार कसून प्रचार करते आणि ‘आपल्या मताने काय फरक पडतो’ म्हणून घरी बसणारे मतदारही बाहेर पडते. एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायच्या, ही प्रयोगाची पहिली अट इथे पाळली जात नाही. म्हणून या कोष्टकातून नियमांची ताकद समजते, ‘खरा विजेता’ समजत नाही.

तिसरा जर: मतदार वेगळे असते तर?

आतापर्यंत आपण मते आणि नियम बदलले. पण ज्यांचे मत मोजलेच गेले नाही त्यांचे काय?

अमेरिकेच्या मूळ घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीनपंचमांश धरली जाई. गुलामांना मत अर्थातच नव्हते. त्यांच्या संख्येचे वजन मालकांच्या राज्याला मिळे. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची स्वतंत्र लोकसंख्या सुमारे ४ लाख ५५ हजार होती, पेन्सिल्व्हानियाची ४ लाख ३० हजार. म्हणजे जवळपास सारखीच. पण १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनियाचे निर्वाचक २१ आणि पेन्सिल्व्हानियाचे १५. त्या निवडणुकीत टॉमस जेफर्सन यांना ७३ आणि जॉन ॲडम्स यांना ६५ मते होती. दोघांतल्या आठ मतांच्या अंतराशेजारी हे जादा वजन ठेवून पाहा.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली. १८७० च्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली आणि कृष्णवर्णीय पुरुष मतदार झाले. अशा वेळी आली १८७६ ची निवडणूक. डेमोक्रॅटिक उमेदवार सॅम्युएल टिल्डेन देशभरात सुमारे अडीच लाख मतांनी पुढे होते. निर्वाचक-मते टिल्डेन १८४, रिपब्लिकन रदरफर्ड हेज १६५ आणि वादग्रस्त २०: फ्लोरिडाची ४, लुइझियानाची ८, साउथ कॅरोलायनाची ७ आणि ओरेगनचे १. पंधरा जणांचा आयोग बसला. त्याने पक्षानुसार ८ विरुद्ध ७ अशा मतांनी वीसच्या वीस हेज यांना दिली आणि हेज १८५ विरुद्ध १८४ असे अध्यक्ष झाले.

जर-तरच्या खेळासाठी याहून चांगला पट नाही. कोलोरॅडो हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य झाले आणि वेळेअभावी तिथल्या विधिमंडळानेच तीन निर्वाचक निवडले. ते हेज यांना मिळाले. कोलोरॅडो वर्षभर उशिरा राज्य झाले असते तर हेज १८२ वर थांबले असते आणि टिल्डेन अध्यक्ष झाले असते. आयोगातला एक सदस्य फिरला असता तरी तेच. हे ‘जर’ गेली कित्येक वर्षे चवीने सांगितले जातात.

पण थोडे थांबून विचारू: टिल्डेन झाले असते तर पुढे काय वेगळे घडले असते? हेज यांनी एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या राजधान्यांतून केंद्राचे सैन्य हटवले. कृष्णवर्णीय मतदारांचा शेवटचा आधार गेला. टिल्डेन यांच्या पक्षाला तर सैन्य आधीच जायला हवे होते. म्हणजे अध्यक्ष बदलला असता, पण दक्षिणेतल्या लाखो माणसांच्या दृष्टीने इतिहास बहुधा त्याच वाटेने गेला असता.

आता नकाशावर मिसिसिपीकडे पाहा. वादग्रस्त राज्यांत ती नाही. टिल्डेन यांच्या रंगात ती शांतपणे पडून आहे. १८७० च्या जनगणनेत तिथे निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. १८७२ मध्ये रिपब्लिकन पक्षाला तिथे सुमारे ८२ हजार मते होती, विरोधकांना ४७ हजार. चारच वर्षांनी रिपब्लिकन ५३ हजार आणि डेमोक्रॅटिक १ लाख १२ हजार. मधल्या काळात लोकांचे मन बदलले नव्हते. १८७५ पासून सशस्त्र टोळ्यांनी सभा उधळल्या, माणसे मारली आणि मतदारांना केंद्रापासून दूर ठेवले. हे घडले नसते तर? मिसिसिपीची ८ मते हेज यांच्याकडे जाऊन टिल्डेन १७६ वर आले असते. वादग्रस्त विसांपैकी त्यांना एक पुरत होते, ते आता नऊ लागले असते.

पण इथे अध्यक्ष कोण हा प्रश्नच दुय्यम होतो. मिसिसिपीचा मतदार निर्भयपणे मत देऊ शकला असता तर तिथले विधिमंडळ, शाळा, न्यायालये, सारेच वेगळे झाले असते. प्रत्यक्षात १८९० च्या राज्यघटनेने मतदान-कर आणि साक्षरतेची चाचणी आणून उरलेसुरले मतदारही यादीतून काढले. गुलामी संपल्यामुळे जनगणनेत माणूस आता तीनपंचमांशऐवजी पूर्ण मोजला जात होता आणि त्या प्रमाणात राज्याचे वजन वाढले होते. मत मात्र त्याला नव्हते. हे चित्र खऱ्या अर्थाने पालटले ते १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर. मधला बराच काळ नकाशावर दक्षिणेचा रंग जवळपास एकसारखा दिसतो. त्या रंगात कोण नव्हते, ते नकाशा सांगत नाही. ते आपल्याला शोधावे लागते.

वर्गात करून पाहण्यासाठी

मुलांना राज्यांचा कोरा नकाशा आणि एखाद्या निवडणुकीचे राज्यवार आकडे द्यावेत. कमीत कमी किती मते हलवली तर निकाल फिरतो, ते शोधायला सांगावे. १९७६ पासून सुरुवात करता येईल. कार्टर २९७, फोर्ड २४०, आणि एका निर्वाचकाने फोर्ड यांच्याऐवजी रेगन यांना दिलेले १. ओहायोची २५ मते ११,११६ च्या फरकाने आणि हवाईची ४ मते ७,३७२ च्या फरकाने कार्टर यांना मिळाली होती. ती फिरवून पाहा. बेरीज झाल्यावर वर्गात गोंधळ उडेल. तो उडू द्यावा आणि नियमांचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावावा.

मग प्रत्येक गटाला तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगावीत. आपण नेमके काय बदलले: मते, नियम की मतदार? ते बदलल्यावर आणखी काय काय आपोआप बदलले असते? आणि आपली बेरीज कुठे संपते व अंदाज कुठे सुरू होतो?

एवढी सवय झाली की पानिपतचा प्रश्न पुन्हा आला तरी घड्याळाकडे पाहायचे कारण नाही. “जिंकले असते म्हणजे काय बदलले असते? रसद? मित्र? एक दिवस?” असे उलट विचारावे आणि फळ्यावर तीन रकाने आखावेत. तास संपेल, पण चर्चा मधल्या सुट्टीतही चालू राहील.